डाव्या हाताला जपा

शुक्रवार, मुखेड. नुकती दिवेलागण झालीय.

भरपाईच्या चौकशीला आज एक माणूस आला. वाटलं, नांदेडला दिलेला अर्ज हलून राहिला एकदाचा. सासूबाईंनी चहा दिला. मी सगळं सांगितलं. माझ्या बांगड्यांच्या दुकानात शिरून एका चोरानं गल्ला लुटला, माझा हात पिरगाळला. तेव्हापासून गिऱ्हाइकाचं मनगट धरलं की माझे दोन्ही हात कापतात, भरता भरता बांगडी फुटते, बायका उठून जातात. धंदा बसलाय. मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, भीती आत बसलीय.

"कोर्टात साक्षीला एकट्याच जाणार का?" त्यानं सहज विचारलं. मी हाव म्हणाले. कशाला म्हणाले?

जाताना दारात वळला. "डाव्या हाताला जपा, ताई."

"भला माणूस हाय," सासूबाई म्हणाल्या.

भांडी घासताना ते डाव्या हाताचं आठवलं. ओल्या हातानंच अर्जाची झेरॉक्स पेटीतून बाहेर काढली, तीनदा वाचली. हात पिरगाळला, एवढंच आहे. फिर्यादीतही तेवढंच. पिरगाळला तो डावाच होता, पण डावा कुठंच नाही. मी त्याला सांगितलाही नाही.

पिरगाळणारा मागच्या आठवड्यात जामिनावर सुटलाय. साक्ष सोमवारी आहे.