सातव्या दिवसाआधी

प्रिय योर्लेनी,

अभिनंदन! गुरुवारी सकाळी पर्यटकांची वाटाडी म्हणून तू अर्भकहत्येचा जो नेत्रदीपक प्रयोग सादर केलास, त्याला सात पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. आठवा प्रेक्षक, म्हणजे या तळ्याचा राखणदार आणि दुर्दैवाने तुझा जन्मदाता, रानकेळीआड उभा होता.

तळ्यावर झुकलेल्या पानाला बेडकाच्या अंड्यांचा पारदर्शक पुंजका चिकटला होता. वय दिवस चार. उबायला लागतात सात. तू पान चिमटीत धरून झटझट हलवलेस. साप आला असे समजून ती इवलीशी पिल्ले आवरण फाडून अपक्वावस्थेतच पाण्यात कोसळली. खाली मासे आ वासून सिद्धच होते. आणि तू म्हणालीस, "बघा, कशा उड्या मारतात!" उड्या नव्हत्या त्या, बये. पलायन होते.

तेवढ्याने तुझी कलासक्ती भागेना. शेजारच्या पानाखाली एक प्रौढ बेडूक निजला होता: पाय पोटाशी, निळ्या-पिवळ्या कुशी झाकलेल्या, नारिंगी बोटे लपवलेली, रक्तवर्ण नेत्र मिटलेले. दिवसा हिरव्यात हिरवे होऊन अदृश्य राहणे, एवढेच त्या गरिबाचे शस्त्रागार. त्याला तू बोटाने ढोसलेस. पाहुण्यांना लाल डोळे हवे होते ना!

मी हटकले, तर म्हणतेस, "पपा, यांची बस दहाला सुटते. बेडकांना सांगा ना, जरा लवकर जन्मा म्हणावं!" विनोद माझ्याकडून उचललास, लाज उचलायची तेवढी राहून गेली.

त्या सातांपैकी एकाने तक्रार केली आहे. तळ्याच्या व्यवस्थापकबाईंनी नोंदवही माझ्यापुढे ठेवली: पान हलवणाऱ्याचे नाव उद्यापर्यंत लिहा, ज्याचे नाव, त्याला तळ्यावर आजन्म बंदी. मी बाणेदारपणे लेखणी उचलली आणि प्रथम शेजारीण डोन्या फिदेलिनाकडे जाऊन तुझ्या नावाने यथेच्छ शंख केला. कॉफी गाळता गाळता ती म्हणाली, "पोरगी तुमच्यावरच गेलीय हो, डॉन एवेलियो."

"माझ्यावर?"

"मग! सात वर्षांची होती तेव्हा तिला खांद्यावर बसवून पान कोण हलवायचं? मी? 'बघ बघ, पाऊस पडला बेडकांचा!' असं ओरडायचात की."

तिची कॉफी तशीच टाकून मी उठलो. या गावाच्या इतिहासात असे प्रथमच घडले.

तेव्हा नाव लिहिले आहे. माझे. यात औदार्य शोधू नकोस. ती केवळ कालक्रमाची दुरुस्ती आहे. बुधवारी राखणदाराची जागा रिकामी होईल. अर्ज कर. सात दिवस पुरे होईपर्यंत कुणालाही पानाला हात लावू देऊ नकोस. बस गेली खड्ड्यात! आणि आभार मानायला इतक्यात धावत येऊ नकोस. माझा राग आज चारच दिवसांचा आहे. त्यालाही सात पुरे होऊ दे.

तुझाच, तळ्याकाठून हद्दपार,
पपा