आठवा बोल्ट

१४ नोव्हेंबर, गुरुवार

ती. दादा,

नुसता नमस्कार. साष्टांग लिहायला तोंड नाही.

हे पत्र सात महिने टाळतोय. तीनदा कागद घेतला. एकदा पेन सुकलं, एकदा शेजारच्या गाळ्यात कुणीतरी पोपट आणला म्हणून बघायला गेलो (बोलत नव्हता, नुसता चावत होता), तिसऱ्यांदा काही निमित्तही नव्हतं, तरी लिहिलं नाही.

मी बरा आहे. हे तिसरं गाव. इथे ट्रकचे टायर काढतो-बसवतो. माझी पिशवी कायम भरलेली असते म्हणून मालक मला 'बिऱ्हाड' म्हणतो. पान्याला हात लावत नाही असं लिहिणार होतो, पण टायर काय दातांनी काढणार? तुझं तेवढंही ऐकता आलं नाही.

वहिनीचं पत्र आलं. अप्पा अजून तुझ्याशी बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून जेवतात, असं लिहिलंय. शेवटी विचारलंय, 'भावजी, तुम्हाला यातलं काही माहीत आहे का?'

माहीत आहे. तुलाही माहीत आहे. तरी एकदा माझ्या हाताने कागदावर येऊ दे.

आपल्या गॅरेजात आलेली दातांच्या डॉक्टरची ती निळी स्पोर्ट्स कार. वळणावर झुकते म्हणून त्याला ती खाली बसलेली, कडक हवी होती. नवे स्प्रिंग, नवे शॉकअप मी बसवले, मन लावून बसवले. राहिले चाकं धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्यांचे आठ बोल्ट. अप्पांचा नियम तुला काय सांगायचा: गाडी वर उचललेली असताना बोल्ट नुसते हाताने फिरवायचे, कारण तेव्हा आवळले तर आतलं रबर पिळलं जाऊन फाटतं. गाडी चाकांवर उभी राहिली की मग आवळायचे, आणि एकेक आवळून झाला की त्याच्यावर पिवळी रेघ ओढायची.

मी रेघा आधीच ओढल्या. गाडी वर होती, बोल्ट डोळ्यांसमोर होते, ब्रश हातात होता. नंतर खाली लोळून कोण रंगवणार? खाली घेतल्यावर ती एवढी बसली की हात शिरेना. सात आवळले. तेवढ्यात गॅरेजबाहेर पक्याने नवी मोटरसायकल आणली, 'एक चक्कर मार' म्हणाला. मी मारली.

परत आलो तर डॉक्टर गाडी घेऊन गेलेला. तू म्हणालास, "बघून दिली रे, आठही रेघा आहेत." मी "हो" म्हटलं.

एवढंच. नऊ दिवस मला ठाऊक होतं, दादा. रोज म्हणायचो, उद्या डॉक्टरला फोन करू. दहाव्या दिवशी वळणावर चाक आत दुमडलं. त्याचं मनगट असं मोडलं की आता त्याच्या पेशंटचे दात दुसरेच काढतात.

रस्त्याकडेला तो बोल्ट तुलाच सापडला. रंग शाबूत, आटे कोरे, म्हणजे कधी आवळलाच नव्हता. तू माझ्याकडे बघितलंस, पेट्रोलच्या फडक्याने रेघ पुसलीस आणि अप्पांना सांगितलंस, "शेवटचा हात माझा होता. विसरलो." मग मला म्हणालास, "पाना हातात धरू नकोस. जा कुठेही."

राग आहे, तोही लिहितो. चार लोकांत थोबाडीत दिली असतीस तर मी रडून मोकळा झालो असतो. तू मला चांगला ठेवलंस. गावोगाव सांगत फिरलो, दादाच्या चुकीपायी घर सुटलं. लोक हळहळून चहा पाजायचे. मी प्यायचो.

इथपर्यंत आलो आणि मालकाने हाक मारली, "बिऱ्हाड, तुझ्याकडे कुणी म्हातारबाबा आलेत."

अप्पा आहेत. एकटे, बॅग घेऊन, दोन गाड्या बदलून. म्हणाले, "त्याच्या घरात नाही राहायचं मला. माझ्या हाताखाली शिकून त्याने माणूस अधू केला. तू निदान सरळ आहेस." पाणी दिलं, प्यायले. आता टायरच्या चळतीवर बसलेत आणि विचारतायत, "एवढं काय लिहितोयस?"

पाकीट अजून चिकटवलेलं नाही. आधी त्यांना वाचून दाखवतो. मग ते म्हणतील तिथे त्यांना पोचवीन. तुझ्याकडे म्हणाले तर दारापर्यंतच येईन.

तुझ्या जिवावर चांगला ठरलेला,
धाकटा