गुरुवारनंतर तो ओळखेल

उमरोळी,
१९ जानेवारी १९९७

चि. सुगंधा हिस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

इकडे वालाच्या शेंगा आल्या आहेत. तुझ्या सासूबाईंनी काल तुझ्या पद्धतीने भाजी केली. तिखट झाली, तरी मी दोनदा घेतली.

तुला बघायला आलो तो दिवस हल्ली फार आठवतो. मी म्हटलं, "शाळेतली एखादी कविता येते का?" तू विचारलंस, "चालीवर म्हणू का नुसती?" मी मनात तिथेच होकार दिला होता. चंद्रभान लहान असताना त्याला सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून बसवायचो आणि चिंचणीच्या समुद्रावर न्यायचो. वाटेत दोघे कविता म्हणायचो. तो मधलंच एक कडवं गाळायचा. विचारलं तर शाळेतल्या पोरांच्या बोलीत म्हणायचा, "अण्णा, ते रडकं हाय."

बघ, मी असा लांबण लावतो. मुद्द्याचं लिहायला हात धजत नाही.

पाडव्याला तू ओवाळायला उभी राहिलीस आणि चंद्रभान म्हणाला, "ह्या बाई कोण?" आम्ही थट्टा समजून हसलो. तू ताट खाली ठेवलंस आणि सकाळी माहेरी निघून गेलीस. त्यात तुझी चूक नव्हती. पोरी, त्याचीही नव्हती.

तू गेल्यावर तो कंपनीत जिन्यावरून पडला. शेजारची जिवली म्हणाली, "मास्तर, गॅस चडलाय त्याला. गूळ चारा, उतरंल." बोईसरात कोणाचं डोकं फिरलं की आपण कारखान्यांचा गॅसच म्हणतो. आम्ही रोज गूळ चारला. मग फीट आली. इथल्या डॉक्टरांनी मेंदूची सूज उतरवायचं इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांत तो उठून बसला! मी आनंदाने आमची समुद्राच्या वाटेवरची कविता म्हणू लागलो, तर म्हणाला, "अण्णा, आवरा, चहा गार झाला. आणि सुगंधाला हाक मारा." आठवड्याभरात सगळं पुन्हा पुसलं गेलं.

मुंबईला नेलं. मेंदूच्या फोटोत गाठ दिसली. रक्त तपासलं. त्यात एच.आय.व्ही. निघाला, सुगंधा.

लिहिलं एकदाचं.

तिथले डॉक्टर भले आहेत. त्यांनी समजावलं, या आजारात मेंदूत अशी गाठ दिसली की मुख्य शक्यता दोन. एक जंतूंची, ती गोळ्यांनी विरघळते. दुसरी लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरच. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून आधी गोळ्या देऊन पाहिल्या. दोन आठवड्यांनी फोटो काढला तर गाठ वाढलेली. आता गुरुवारी कवटीला बारीक भोक पाडून सुईने तुकडा काढतील.

मी म्हटलं, "तोवर ते इंजेक्शन तरी द्या, पोरगं बोलतं त्याने." डॉक्टर म्हणाले, "मास्तर, त्याने गाठ थोडे दिवस विरघळते. मग तुकड्यात नेमकं काय ते सापडत नाही. गुरुवारपर्यंत दम धरा."

म्हणून सध्या घरी तो आईला ताई म्हणतो, मला काहीच म्हणत नाही.

तुकडा काढला की इंजेक्शन सुरू होईल. लिम्फोमाच निघाला तर मेंदूला किरणांचा शेक देतील. बरा होईल असं कोणी म्हणत नाही. पण काही दिवस तो शुद्धीवर येईल, तुला नावाने हाक मारील. यायचं असेल तर तेव्हा ये. कुठून लागलं हे मी त्याला विचारलेलं नाही. तो हक्क तुझा आहे, आणि उत्तर द्यायला तो तेव्हाच असेल.

यायचं नसेल तर येऊ नकोस. या घरात तुला कोणी बोल लावणार नाही. पण तुझं रक्त तपासून घे. या आठवड्यातच. गावात बोभाटा नको, भावाला घेऊन नगरला जा. झुंबर समजूतदार आहे. एकटीला भीती वाटली तर तार कर, मी येतो. इथे आम्ही गुळात दिवस घालवले. तुझ्या बाबतीत तसं व्हायला नको.

सुनेच्या पत्राखाली अखंड सौभाग्याचा आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज तो लिहवत नाही. तू औक्षवंत हो, पोरी. तुझी तू, औक्षवंत हो.

तुझे,
अण्णा