वगळलेला रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार

चढली! फाइल चढली एकदाची! आमच्या वाचनालयाची देवघेव वही, १९५८ ते १९८५. एकेचाळीस हजार नोंदी, एका तक्त्यात, इंटरनेटवर. कोणीही उतरवून घ्या, मोजा, काय वाट्टेल ते करा! मी आणि माझी मदतनीस गोपिका, दोघींनी आठ महिने बसून टाइप केलं. मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला. लोकांसाठी वाचकांची नावं मात्र झाकली – फक्त सभासद क्रमांक, पुरुष की स्त्री, तारीख आणि पुस्तक. कोणी काय वाचलं ते गावभर कशाला!

पण मी तर आतली ना. सगळ्यात जास्त पुस्तकं कोणी नेली, पाहिलं. क्रमांक २१४. सहाशे अकरा पुस्तकं. कोण? माझे बाबा!! इतवारी बाजारात कापडाच्या दुकानात दिवसभर थानं उलगडणारा माणूस! जेवण झालं की आडवे व्हायचे, छातीवर पुस्तक – अजून डोळ्यासमोर आहे. त्यांच्यामुळंच तर मी ग्रंथपाल झाले. घरी येऊन आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. "असं का," म्हणाली आणि हसली. बस, एवढंच! तिला काय पुस्तकांचं.

बाबांचा फोटो वाचनालयात लावायचा. ठरलं.

७ नोव्हेंबर

धम्मानंद म्हणून विद्यापीठात संशोधन करणारा कोणी आहे, त्याचा मेल. तक्ता वापरणारा पहिला माणूस! उन्हाळ्यात रहस्यकथा कशा उडतात, परीक्षेच्या महिन्यात सगळं कसं थंड, असे आलेख काढलेत. गोपिकाला दाखवले. दोघींनी तर्री-पोहे मागवले.

८ नोव्हेंबर

अरे देवा. त्यानं तेच आमच्या अध्यक्षांनाही पाठवलं. त्यात एक ओळ – पुस्तकं नेणाऱ्यांत स्त्रिया शंभरात तीन.

मारोतरावांचा फोन. खुशीत! "मिनलताई, बाया वाचतच नव्हत्या, अन् आपण महिला कक्ष चालवून राहिलो! देऊन टाकू ती खोली कोचिंगवाल्याले. तेवीसच्या सभेत ठराव आणतो."

महिला कक्ष म्हणजे काय, तर वीस खुर्च्या, एक पंखा, दुपारी दोन ते पाच. घरी ह्या बायांनी पुस्तक उघडलं की कोणाला ना कोणाला चहा आठवतो. म्हणून इथं येतात. खोली गेली की वाचणं गेलं! आणि कशामुळं? माझ्याच तक्त्यामुळं. धम्मानंदला फोन करून चांगला झापला. तो बिचारा म्हणतो, "ताई, मी तर तुम्ही दिलं तेच मोजलं."

बरोबरच आहे मेल्याचं. त्यानं जास्तच राग आला.

१२ नोव्हेंबर

धम्मानंद स्वतः आला. उंच, लाजरा, डबा घेऊन. मूळ वही पाहायचीय म्हणाला. पानं उलटता उलटता बोट थांबलं.

"ताई, हा चौथा रकाना कोणता? तक्त्यात नाही."

"तो हस्ते. कार्ड एकाचं असते, पुस्तक न्यायला दुसरं कोणी येते. ज्याच्या हातात दिलं त्याचं नाव."

त्यानं वही माझ्याकडे फिरवली. कार्ड घरटी एकच, तेही नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. आणि हस्ते? पत्नी. पत्नी. सून. मुलगी. पत्नी.

मार्चमध्ये मीच म्हटलं होतं गोपिकाला – "हस्ते कायले टाइप करते वं, फुकट वेळ जाते." मी! बाई असून! बह्याड, मूर्खच म्हणायची मी.

१३ नोव्हेंबर

दहा दिवसांत एकेचाळीस हजार हस्ते. दोघींच्यानं होणं नाही. सरळ महिला कक्षात गेले, सगळं सांगितलं, चूक माझी तेही सांगितलं. वाटलं, फाडून खातील. बायजाबाई – सगळ्यात मोठ्या, पंचाहत्तरीच्या – पुस्तक मिटवून म्हणाल्या, "रडून काय राहिली? वही आण इकडं."

१७ नोव्हेंबर

चौदा बाया! घरून लॅपटॉप आणले कोणी, कोणी सुनेचा उचलून आणला. वहीतलं जुनं अक्षर बायजाबाईलाच लागतं. त्या मोठ्यानं वाचतात, "पत्नी… पत्नी… भावजय… पत्नी…" आणि टाइप करणाऱ्या हसून हसून बेजार. संत्र्याची सालं वहीवर ठेवू नका म्हणून दहादा ओरडले. धम्मानंद चुका तपासतो आणि सगळ्यांच्या डब्यात जेवतो.

२२ नोव्हेंबर

झालं! सगळं!

२३ नोव्हेंबर, रविवार

सभा. धम्मानंदनं नवा आलेख लावला. शंभरातली अठ्ठावन्न पुस्तकं बायांच्या हातात गेलेली! मागच्या भिंतीला ओळीनं चौदाजणी उभ्या. मारोतरावांनी आकडे पाहिले. मग म्हणाले, "खोली राहू द्या. पण दुसरा पंखा मागू नका." बायजाबाई म्हणाल्या, "तो पुढच्या सभेत!" सगळे हसले, मारोतरावही.

तक्त्याची नवी प्रत चढवली. सोबत माझ्या हातची टीप – "आधीच्या प्रतीत 'हस्ते' रकाना वगळला होता. तो निरुपयोगी समजणं ही आमची चूक. जुन्या प्रतीवरून काढलेले निष्कर्ष कृपया पुन्हा तपासावेत." काय हलकं वाटलं!

बाबांच्या फोटोलाही मंजुरी मिळाली.

२४ नोव्हेंबर

फोटोखाली काय लिहावं म्हणून क्रमांक २१४ उघडला. हस्ते भरायच्या घाईत त्याच्या नोंदी मी एकत्र पाहिल्याच नव्हत्या.

सहाशे अकरा. सगळीच्या सगळी – हस्ते पत्नी.

घरी आले. आई मटार सोलत होती. "काहून नाही सांगितलं वं आई? एवढी वर्षं!"

"तुले बाबाचं कौतुक होतं ना. कायले मोडू?" मग शेंग फोडत म्हणाली, "पहिल्याच पानावर झोपत ते. मीच काढून घेत होती छातीवरून, मग वाचत बसो."

मी तिथंच बसले. मटार सोलू लागले. रडलेही, हसलेही.

२५ नोव्हेंबर

आईचं नवं कार्ड केलं. नाव – प्रेमलता. हस्ते – स्वतः.