सरांची आखणी

स्फाक्स, ११ मे

प्रिय ओल्फा,

कशी आहेस? तुझ्या शाळेतली पोरं कशी आहेत? तिकडे फ्रान्सात, नांतला, अजून थंडी असेल. इथे दुपारी बाहेर पाय ठेववत नाही. आईनं तुला प्रेम कळवलंय. ओल्फाला खजूर कोण पाठवतं, असं तिनं दोनदा विचारलं. कोणी पाठवत नसावं असं मी म्हटलं, तर माझ्यावरच चिडली.

पत्र बघून दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझी बोबडी वळते. कागदावर निदान वाक्य पुरं होतं.

बातमी अशी की त्या युरोपातल्या फेलोशिपच्या शेवटच्या फेरीत माझं नाव आलंय. एक वर्ष ल्योंला काम आणि दुसरं वर्ष इथे परत येऊन तेच काम आपल्या रुग्णांवर. माझा विषय तुला माहीत आहे. दक्षिणेकडची माणसं रेडिएशनसाठी येतात आणि सहा-सात आठवडे इथल्या धर्मशाळेत नाहीतर नातेवाइकांच्या ओसरीवर पडून राहतात. काहींची शेतं वाळतात, काही अर्ध्यावरच निघून जातात. तोच उपचार कमी दिवसांत, तितक्याच भरवशानं देता येईल का, हे मला बघायचंय. इथे पैसा नाही, मोकळा वेळ तर त्याहून नाही. ही फेलोशिप दोन्ही देते. पण ती नव्या डॉक्टरांसाठीच आहे. स्पेशालिटी संपून पाच वर्षं झाली की दार बंद, आणि माझं हे पाचवं वर्ष आहे.

दुसरी अट म्हणजे परतीच्या वर्षात देखरेखीला इथला एक मोठा प्राध्यापक हवा. ते अर्थात तुझे वडील. सरांनी शिफारस इतकी सुंदर लिहिलीये की वाचून मी लाजले. गुरुवारी मुलाखत आहे. पडद्यावर मी आणि शेजारी सर. माझी भूक मेली आहे. आई सकाळी भाजलेल्या पिठाच्या बसीसाचा वाडगा घेऊन माझ्यामागे घरभर फिरते. हाताची नखं मी पार कुरतडून टाकलीत.

तू रेडिएशन विभाग सोडलास तेव्हा रिकामी झालेली जागा मला मिळाली. हे आपण दोघी कधी बोललो नाही. आजही बोलायचं नाहीये, पण ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येईना.

सर बरे आहेत. थोडे थकलेत. मागच्या आठवड्यात गाडी बाजारात लावून टॅक्सीनं घरी आले आणि गाडी चोरीला गेली म्हणून पोलिसात निघाले होते. आम्ही खूप हसलो. तेही हसले. वय झालं की होतं असं. त्रेसष्ट म्हणजे काही फार नाही, पण कामाचा ताण केवढा आहे.

काळजीचं काही नाही. तू एकदा घरी फोन करशील का? सहजच.

तुझी
इब्तिहेल

स्फाक्स, २ जून

प्रिय ओल्फा,

मिळाली! परवा कळलं. आईनं शेजारणींना बोलावलं आणि सगळ्यांनी मिळून लग्नातल्यासारख्या जिभा हलवत आनंदाच्या जगरूता ठोकल्या. वजदी आठवतो का, आमचा फिजिसिस्ट? मशीन नेमकं किती आणि कुठे किरण सोडणार याचं गणित तो बसवतो. तो म्हणाला, "बाई, ल्योंहून येताना चीज आण, नाहीतर येऊच नकोस." ऑक्टोबरमध्ये निघायचंय.

मुलाखतीत सर कमाल बोलले. वीस वर्षांपूर्वीचे आकडे, माणसं, कुठल्या गावात किती रुग्ण, कशालाही अडखळले नाहीत. समोरचे तिघं ऐकतच राहिले. बाहेर आल्यावर मी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. ते म्हणाले, "काय गं, कसली मुलाखत होती ही?"

मला वाटलं, थट्टा करतायत.

ओल्फा, मागच्या पत्रात मी तुला अर्धंच लिहिलं. गाडीची गोष्ट सांगितली, कारण ती हसून सांगता येते. आता हसण्याजोगी नसलेली सांगते.

दक्षिणेतल्या मातमाता गावची मब्रूका नावाची बाई आहे. घोंगड्या विणते. मानेच्या डाव्या बाजूला गाठ. किरण कुठे द्यायचे त्याची हद्द स्कॅनवर सर स्वतः आखतात, तुला आठवत असेल. त्यांनी उजवी बाजू आखली. नीट, सुबक, त्यांच्या नेहमीच्या हातानं. फक्त बाजू चुकीची. ती आखणी वजदीच्या हाताखालून गेली. मी त्याला विचारलं, "तुला दिसलं नाही?" तो म्हणाला, "दिसलं. पण सरांनी आखलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच आखलं असेल." उपचार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी ते पाहिलं, तेही योगायोगानं. मब्रूकाला सांगितलं, मशीन बंद आहे, परवा या. ती म्हणाली, "बाई, मशीनलासुद्धा सुट्टी मिळते. मला तेवढी कोणी देत नाही." मी हसले.

ती आखणी मी बदलली आणि सरांची सही घेतली. त्यांनी न बघता केली.

त्यानंतर अजून एकदा असंच झालं. तेव्हापासून रोज दुपारी सगळे जेवायला गेले की मी सरांची प्रत्येक आखणी उघडून बघते. कोणाला सांगितलेलं नाही. वजदीलाही वाटतं ती एकच चूक होती.

आता तूच सांग, मी काय करू? बोलले तर सर देखरेखीवर राहू शकत नाहीत, आणि सर नाहीत तर फेलोशिप नाही. पुढच्या वर्षी अर्ज करायला माझी पाच वर्षं उरलेली नसतील. न बोलता ऑक्टोबरात गेले तर दुपारी त्या आखण्या कोण बघणार? ल्योंला बसून मी कमी दिवसांच्या उपचारावर निबंध लिहीन आणि इथे कुणाच्या तरी चांगल्या बाजूला किरण जातील. कधी वाटतं, दोनच तर चुका आहेत, माणूस दमतो. मग वाटतं, मला दिसल्या तेवढ्या दोन.

तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू? विभागातल्या कुणाला सांगितलं तर चहा थंड व्हायच्या आत गावभर होईल.

रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलंय, फेलोशिपच्या आनंदात. मी सांगणार आहे. निदान आज तरी तसं वाटतंय.

तुझी
इब्तिहेल

स्फाक्स, २६ जून

प्रिय ओल्फा,

तुझं उत्तर नाही. राहू दे. तरी लिहिते, कारण हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

त्या रविवारी लेल्ला झोहरानं, तुझ्या आईनं, माशाचा कुसकुस केला होता. मला घास गिळेना. ती म्हणाली, "खा गं, फेलोशिप मिळाली म्हणून आता काय वाऱ्यावर जगणार?" जेवण झाल्यावर सर अंगणात मासे धरायच्या दोरीचा गुंता सोडवत बसले. मी समोर बसले आणि एकदम बोलून टाकलं.

"सर, मब्रूकाच्या मानेची बाजू चुकली होती."

"कोण मब्रूका?"

"घोंगड्या विणते ती. मातमाताची. तुम्ही तिला म्हणाला होतात, बरी झालीस की मला एक घोंगडी दे."

त्यांनी आठवून पाहिलं. ओल्फा, मी त्यांचा चेहरा बघत होते. आत काहीच नव्हतं आणि ते शोधत होते.

"मी चुकलो?"

"दोनदा. मला दिसलं तेवढं."

लेल्ला झोहरा सरबत घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "त्यांना झोप लागत नाही हल्ली, एवढंच आहे. तू डॉक्टर आहेस ना? मग झोपेची गोळी लिहून दे आणि हा विषय बंद कर." सरबत तिनं मला दिलंच नाही. तिला सगळं माहीत होतं, माझ्याआधीपासून.

सर उठले. "फेलोशिप मिळाली. आता माझी खुर्चीही हवी का तुला?"

"खुर्ची हवी असती तर गप्प बसले असते, सर. अजून दोन चुका होऊ दिल्या असत्या."

हे बोलायला नको होतं. त्यांनी दरवाजाकडे बोट केलं. "एकीला शिकवलं, ती पळून गेली. दुसरीला शिकवलं, तिनं हे केलं. जा."

मी गेले. त्या रस्त्यावर कुठे वळले ते मला आठवत नाही. सोमवारी सर कामावर आले नाहीत. मी आमच्या दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि परत आले. ठरवलं होतं, मंगळवारी सर काहीच बोलले नाहीत तर मी सगळ्यांसमोर बोलायचं. आईला सांगितलं, माझी फेलोशिप गेली असं समज. ती मटार सोलत होती. म्हणाली, "मग जगरूता परत मागायला जाऊ का शेजारी?" आणि रडायला लागली.

मंगळवारी सकाळच्या बैठकीला सर टाय लावून आले. बसले नाहीत. म्हणाले, "आजपासून मी कुठलीही आखणी करणार नाही. आणि या विभागात प्रत्येकाची आखणी दुसरा डॉक्टर बघेल, त्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. मी केली असो नाहीतर देवानं. कारण विचारू नका." मग थोडं थांबून म्हणाले, "नाही, विचारा. मी विसरायला लागलोय." वजदी मान खाली घालून रडत होता. सर त्याला म्हणाले, "तू रडू नकोस, तू तपास. मोठ्या माणसाची चूक दिसली तर तोंड उघड. तेवढ्याचाच पगार मिळतो तुला."

नंतर त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"तुझी फेलोशिप माझ्या नावावर उभी आहे."

"हो."

"ते नाव काढावं लागेल. हे तुला रविवारी माहीत होतं?"

"हो, सर."

"तरी बोललीस. मूर्ख मुलगी." मग त्यांनी फोन उचलला आणि ट्यूनिसला प्राध्यापक नजवांना लावला. हो, त्याच. नवं मशीन स्फाक्सला की ट्यूनिसला, यावरून ज्यांच्याशी त्यांचं वाजलं आणि मग वीस वर्षं ते दोघं एका मांडवात बसले नाहीत. त्यांचा आवाज मला इकडे ऐकू येत होता.

"राशेद? तू फोन केलास? कोण मेलं?"

"अजून कुणी नाही. म्हणूनच केला."

त्यांनी सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही, आवाजही चढवला नाही. मग नजवा म्हणाल्या, "ते मशीन तुम्हालाच मिळायला हवं होतं. दक्षिणेची माणसं तुझ्याकडे येतात."

"हे मी तेव्हाही ओरडून सांगत होतो."

"ओरडत होतास म्हणूनच नाही मिळालं. पोरीला पाठव माझ्याकडे."

त्यानंतरचे दोन-अडीच आठवडे कसे गेले ते विचारू नकोस. फेलोशिपवाल्यांनी मधेच देखरेख बदलायचं कारण मागितलं, मग दुसरं पत्र, मग परत बैठक. मी फोन उशाशी घेऊन बसायचे आणि वाजला की उचलायचं धाडस व्हायचं नाही. काल होकार आला. परतीच्या वर्षात आठवड्यातले तीन दिवस ट्यूनिसला काढावे लागतील, पण रुग्ण इथलेच असतील. मी ऑक्टोबरात जातेय. मब्रूकाचा उपचारही ठीक चाललाय. योग्य बाजूला.

आता यातलं मुख्य ते लिहिते. मागच्या आठवड्यात मी सरांना आणि लेल्ला झोहराला ट्यूनिसच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासण्या झाल्या. विस्मरणाचाच आजार आहे, शंका घ्यायला जागा नाही. सुरुवात आहे, असं त्या म्हणाल्या. जुनं बराच काळ राहील, नवं आधी जाईल. किती वेगानं, ते सांगता येत नाही. सर मुलांना शिकवायला अजून येतात आणि शिकवताना पूर्वीसारखेच खेकसतात. रुग्ण बघणं त्यांनी स्वतः होऊन सोडलं. खोलीच्या दारावरची नावाची पाटीही स्वतःच उतरवली. स्क्रू कुठे ठेवले ते मात्र सापडेनात.

परतताना गाडीत बजावून म्हणाले, "ओल्फाला कुणी कळवायचं नाही." लेल्ला झोहरानं मान हलवली. वाटेतलं एल जेम गाव मागे पडलं तेव्हा त्यांनीच विचारलं, "कळवलंस का?"

मी खोटं बोलले नाही. "दोन पत्रं गेलीत."

"उत्तर?"

"नाही."

"हट्टी आहे," ते म्हणाले. ज्या आवाजात ते मुलाखतीत माझं कौतुक करत होते, अगदी त्याच आवाजात. मग घरापर्यंत खिडकीबाहेरची जैतुनाची झाडं बघत बसले.

मी तुला माफ कर म्हणत नाही. विभाग सोडलास त्या दिवशी ते सगळ्यांसमोर काय बोलले ते मीही ऐकलं होतं. ते विसरणार नाहीत असं मला वाटायचं. आता तेही विसरतील आणि तू एकटीच ते लक्षात ठेवून बसशील, ही भीती मला वाटते. ल्योंला जाणं मला जड जातंय ते परक्या गावामुळे नाही. मी गेले की त्या घरात तरुण माणूस कोणी नाही.

लेल्ला झोहरा तुला हाक मारणार नाही. तिला वाटतं, तू नाही म्हणालीस तर ती मोडून पडेल. म्हणून मी मारते.

तिकीट काढ आणि ये. ते अजून तुला ओळखतात, अजून तुझ्यावर रागावतात, अजून तुझ्याशी भांडू शकतात. भांडायला ये. दोघांनाही सगळं आठवतंय, तोवर ये.

वाट बघणारी,
तुझ्या जागेवर बसलेली
इब्तिहेल