जुवाखालचा रोमन

पॅरिस, १२ मार्च १८५६

प्रिय बाबा,

तुम्ही पाठवलेलं बैलांचं जू पोचलं. फार उपकार झाले. नांगरणीला शेजाऱ्यांचं मागावं लागलं का?

आपल्या पूर्वजांनी हरलेल्या रोमनांना जुवाखालून वाकून जायला लावलं, ते माझं चित्र या जुवावाचून अडलं होतं. चित्रातल्या रोमन सरदारासाठी माझ्यासमोर उभे राहतात ते म्हातारे बास्त्यां, तरुणपणी स्वतः रशियातून हरून आलेले सैनिक. जू बघून म्हणाले, "दुसरा रोमन शोध. मी एकदा वाकलो तेवढं पुरे."

मीच आधी वाकून खालून गेलो. मग तेही वाकून आले. त्यांचा तेव्हाचा चेहराच मी रंगवला.

काल चित्र बघून ते म्हणाले, "हरलेल्याकडे इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं."

आईला सांगा, माझा खोकला कमी आहे.

तुमचा ऋणी,
अब्राम