दोघांचं मिळून दोनशे साठ

रविवार, ता. ९ फेब्रुवारी

वन्सं,

वाकून नमस्कार लिहायची रीत आहे, पण खोटं कशाला लिहू? मला वाकता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा उभ्यानेच नमस्कार करते. तुम्ही तरी कुठे वाकताय, तुम्हीही उभ्यानेच घ्या.

पत्र पोचलं. भाच्याचं दुकान बरं चाललंय हे वाचून बरं वाटलं. इकडे काटा नेहमीसारखा चालू आहे. रस्त्याचं काम निघाल्यापासून खडीच्या गाड्या वाढल्यात. त्यांची वजनं करून पावत्या फाडते आणि दिवसभर धूळ खाते. डॉक्टरांनी 'काय काय खाता' विचारलं तेव्हा धूळ सांगायची राहिली.

तर बातमी अशी, की मी डॉक्टरांकडे जाऊन आले. ही ओळ बसून वाचा, आणि खुर्ची मजबूत बघून बसा. मी पोटाचं ऑपरेशन करून घेतेय. जठर कापून लहान करतात. पिशवी असते त्याची नळी करतात म्हणे. मग माणसाला चार घासांत ढेकर येतो. तुम्ही म्हणाल, वहिनीला वेड लागलं. लागलंय.

पहिल्याच दिवशी मी तिथे हसं करून घेतलं. कागद भरणाऱ्या पोरीने विचारलं, "मावशी, वजन किती?" मी तोंडावर असलेलं सांगून टाकलं, "दोनशे साठ." तिने मान वर करून मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि लिहिलं. पुढे डॉक्टरांनी कागद पाहिला.

"दोनशे साठ? तुमचं?"

"नाही हो, त्यात आमचे हे पण आहेत."

"ते कुठे आहेत?"

"वारले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग मला सगळं समजावत बसावं लागलं. की आमचा गाड्यांचा वजनकाटा आहे. वर्षातून एकदा तपासणीसाहेब येऊन काटा बरोबर आहे असा शिक्का मारून जातात. त्या संध्याकाळी काटा खरं बोलतो म्हणून आम्ही नवराबायको त्याच्यावर उभे राहायचो आणि माझी नणंद कॅबिनमधून आकडा वाचायची. "दोनशे साठ! गाडी ओव्हरलोड आहे, बाजूला घ्या!" असं तुम्ही ओरडायचात, ते मी डॉक्टरांना तुमच्याच आवाजात करून दाखवलं. एकटी मी कधी उभी राहिलेच नाही, तर माझं वेगळं वजन मला कुठून ठाऊक असणार? आणि आमच्या काट्याला दहा किलोखालचं काही कळत नाही. त्याच्यासारखा सभ्य काटा दुसरा नाही.

त्यांच्या काट्यावर माझं एकशे एकोणतीस भरलं. म्हणजे तुमच्या दादांचं साधारण एकशे एकतीस. तुमचं लग्न होऊन तुम्ही गेल्यापासून कुणी वाचलं नाही, तेव्हा हिशेब काही पक्का नाही. पण बघा, जन्मभर मला जाडे, जाडे म्हणून हाक मारली आणि स्वतः दोन किलोने पुढे!

ऑपरेशनच्या आधी मन तपासणाऱ्या एका बाईकडेही पाठवतात. पोरसवदा होती. म्हणाली, "ऑपरेशन का करायचंय?" मी म्हटलं, "गुडघे." म्हणाली, "आणखी काही?" मी म्हटलं, "दुसरा गुडघा." ती हसली नाही. नुसती बघत राहिली. मीही बघत राहिले. मग तिने सही केली.

आता दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचंय. सूप, ताक, आणि तुमच्या आठवणी. काळजी करू नका आणि फोन करू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. ड्रायव्हर लोक ऐकतात.

तुमची भरलेली गाडी,
वहिनी


गुरुवार, ता. २१ ऑगस्ट

वन्सं,

नमस्कार. अजून उभ्यानेच करते, पण आता उभी राहते ती कमी जागेत.

तुम्ही पत्रात एवढे प्रश्न विचारलेत की शाळेच्या परीक्षेची आठवण झाली. मास्तर म्हणायचे, येतं तेवढं आधी लिहा. तेच करते.

पोटाला पाच भोकं पाडली, त्यांच्या खुणा राहिल्यात. दुखलं, पण बाळंतपणाच्या मानाने काही नाही असं तिथली नर्स म्हणाली. मला त्यातलं एकच ठाऊक, म्हणून नुसती मान हलवली. पहिले दिवस पाणीसुद्धा औषधाच्या झाकणाने प्यायचे. घोट घ्यायचा, थांबायचं, पुन्हा घोट. तहान लागली म्हणून एकदा घटाघटा प्यायले तर छातीत असा दगड अडकला की देव आठवले. आता अर्धं अंडं, दोन चमचे दही, एखादा उकडलेला बटाटा कुस्करून. झालं जेवण. जेवताना पाणी नाही, पाणी पिताना जेवण नाही. ताट घेऊन बसते न बसते तोच उठते. स्वयंपाक मात्र अजून दोघांच्या मापाने होतो. हाताचं ऑपरेशन कुणी केलेलं नाही ना.

भूक लागत नाही. हे लिहून दाखवता येत नाही, वन्सं. घरात इतकी वर्षं एक कुत्रं भुंकत होतं आणि एक दिवस ते गेलं, असं. आधी शांत वाटतं. मग त्याचं काय झालं म्हणून माणूस दाराबाहेर जाऊन बघतं.

केस गळतात. गोळ्या घेते. थंडी वाजते. दंडाची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबते, हात हलवून कुणाला टाटा केलं की मी थांबते, ती थांबत नाही. लाकडी खुर्चीवर बसलं की टोचतं. मला वाटलं खिळा वर आलाय. उठून हात फिरवून पाहिला, खिळा नव्हता. माझंच हाड होतं. या वयात पहिल्यांदा भेट झाली.

आणि अंघोळीला खाली पाहिलं तर पाय दिसले. डाव्या करंगळीचं नख अगदी वाकडं आहे. मला कुणी कधी सांगितलं नाही.

लोकांचं विचाराल तर, निम्मे म्हणतात छान दिसता, निम्मे कुजबुजतात की हिला मोठा आजार झालाय. तो मिशीवाला ड्रायव्हर आठवतो? खडी आणायचा, आणि क्लीनरला सारखा शिव्या घालायचा. तो सहा-सात महिने दुसऱ्या रस्त्याला होता. परवा आला. कॅबिनच्या खिडकीतून कागद आत सरकवला आणि मलाच म्हणाला, "बाई, इथल्या जुन्या मावशी कुठे गेल्या?"

आता तुम्हीच सांगा, असा चेंडू कोण सोडेल? मी पावती फाडता फाडता म्हटलं, "वारल्या."

वन्सं, त्या माणसाने टोपी काढली. म्हणाला, "अरेरे! कधी?" मी म्हटलं, "फेब्रुवारीत, ऑपरेशनमध्ये." म्हणाला, "फार मनाची मोठी बाई होती. तोंडाने फटकळ, पण उन्हात गाडी उभी असली की पाणी विचारायची." मला बरं वाटायला लागलं, म्हणून गप्प बसले. मेल्यावर काय बोलतात ते जिवंतपणी ऐकायला नशीब लागतं! तो आणखी बोलत राहिला. माझ्या पदरात फुलं पडत होती. मग तो एक गोष्ट बोलला आणि मी म्हटलं, "पुरे, मीच ती." त्याने मला जी शिवी घातली ती मी लिहीत नाही, भाचा वाचून दाखवत असेल तर लाजेल.

तो काय बोलला ते राहू दे.

तुमच्या डॉक्टरांनी तुम्हालाही हेच करायला सांगितलंय, हे पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंत. आडून आडून विचारायची तुमची सवय जात नाही. वहिनी, तू सांग करू का, असं सरळ विचारा ना. तर उत्तर : मला माहीत नाही. माझे गुडघे बरे आहेत.

तुमची अर्धी
वहिनी


बुधवार, ता. ३ डिसेंबर

वन्सं,

नमस्काराचं मागून बघू.

भाच्याचा फोन आला होता. म्हणाला, आई दवाखान्याच्या खाटेवरून उठली, चपला घातल्या आणि रिक्षा करून घरी आली. नर्स मागे धावत होती. मला हसू आलं. तुमच्या अंगाने धावणारीच्या पुढे पळायचं म्हणजे कौतुकच. पण तो हसत नव्हता. म्हणाला, पुन्हा तारीख दिलीय, पण आई म्हणते, या वयात मी कुणासाठी बारीक होऊ? आणि डॉक्टर म्हणतात, हृदयाला आता पेलत नाही.

मामाचंही हेच झालं होतं ना, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

तुम्ही विचारलंत कुणासाठी. मी गुडघे सांगितले होते, तुम्हाला, डॉक्टरांना, आणि त्या मन तपासणाऱ्या पोरीला. गुडघे दुखायचे हे खोटं नाही.

तुमचे दादा झोपेत गेले असं मी तुम्हाला कळवलं होतं. झोपेत नाही गेले. सकाळी कॅबिन उघडली, पंखा लावला, खुर्चीत बसायला गेले आणि खुर्चीच्या बाजूने खाली गेले. टेबल आणि भिंत यांच्या मधे. तुम्हाला ती जागा ठाऊक आहे, तिथे आपण पावत्यांची खोकी ठेवायचो. मी दारातच होते. फोन करून अँब्युलन्स बोलावली. शुद्ध होती त्यांना. घाम आला होता. मी वाकून उचलायला गेले तर माझा हात त्यांच्या खांद्यापर्यंत पोचला नाही. माझं पोट मधे येत होतं. एकशे एकतीस किलो एकशे एकोणतीस किलोने कसं उचलावं? तो प्रश्नच नव्हता. पण ते उचल म्हणाले नाहीत.

ते म्हणाले, "जाडे, जरा खाली बस ना."

एवढंच. दोनदा म्हणाले.

मला खाली बसता आलं नाही, वन्सं. कित्येक वर्षं मी जमिनीवर बसले नव्हते. भिंतीला धरून गुडघे वाकवून पाहिले, अर्ध्यावर अडकले. पुढे पडले असते तर त्यांच्या अंगावर पडले असते. मी भिंत धरून उभी राहिले आणि वरून त्यांच्याशी बोलत राहिले. येतेय गाडी, येतेय, असं. त्यांनी हात वर केला होता. माझ्या पायाला लागला, घोट्यापाशी. तिथेच धरून ठेवला.

बाहेर खडीची गाडी आली आणि वजनासाठी हॉर्न वाजवायला लागली. तोच मिशीवाला. कुणी बाहेर येत नाही म्हणून शिव्या देत आत आला, बघितलं, आणि फतकल मारून खाली बसला. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. क्लीनरला वारा घालायला लावला. अँब्युलन्स यायच्या आधी ते गेले. त्याच्या मांडीवर गेले.

तर ऑगस्टमध्ये तो खिडकीतून मला म्हणाला होता, "बिचारीचा नवरा गेला तेव्हा भिंतीला धरून उभीच होती हो. खाली बसायला येईना तिला." मागच्या पत्रात राहू दे म्हटलं, ते हे.

रडायला म्हणून लिहीत नाही. तुम्हीही रडत बसू नका, भाच्याला वाटेल मी काहीतरी टोचून लिहिलं. डॉक्टर म्हणाले, खाली बसला असतात तरी ते वाचले नसते. मला तेही ठाऊक आहे. वाचवायचं मी बोलतच नाहीये.

सोमवारी दुपारी गाड्या कमी होत्या. मी खोकी बाहेर काढली, जागा झाडली आणि टेबल आणि भिंत यांच्या मधे बसले. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग बसले. फरशी गार होती. हाडं टोचली. तिथून काय दिसतं सांगू? टेबलाची खालची बाजू दिसते. तिथे तुम्ही लग्नाआधी पेनाने 'दादा कंजूष' लिहून ठेवलंय. अजून आहे. म्हणजे त्यांना शेवटी ते दिसलं असणार. तुमचं अक्षर किती घाण आहे, वन्सं!

मग मी उठले. भिंत न धरता.

दारात एक ड्रायव्हर उभा होता, म्हणाला, "मावशी, काही हरवलंय का?" मी म्हटलं, "कानातलं." त्याने बिचाऱ्याने वाकून शोधलं.

तुम्ही करा किंवा करू नका. मी करा म्हणत नाही. केस गळतील, भूक मरेल, आरशात परकी बाई दिसेल आणि पहिले महिने माझ्या नावाने बोटं मोडाल. पण तुम्ही त्यांच्यासारख्याच हसता, तोंडावर हात ठेवून, आणि तसं हसणारं आता जगात दुसरं कुणी उरलेलं नाही, हे मला एका ओळीत, पत्राच्या शेवटी, आडून सांगायचं होतं. तुमचीच सवय.

आणखी एक. तुम्ही आमच्या काट्यावर कधीच उभ्या राहिला नाहीत. वाचायला कुणीतरी आत लागतं, असं म्हणून दर वेळी सुटलात. आता आत मी आहे. बऱ्या झालात की या.

नवी तारीख भाच्याने मला सांगितलीय. काटा दोन दिवस बंद राहील अशी पाटी लावलीय, ड्रायव्हर लोक शिव्या देतील, देऊ देत. मी आदल्या संध्याकाळी तुमच्या खाटेपाशी पोचते. दवाखान्याची खाट बुटकी असते, जमिनीवर बसलं की हात बरोबर पोचतो. मी बघून ठेवलंय.

नमस्कार राहिला होता. हा घ्या, वाकून.

माझ्यासाठी खुर्ची मांडू नका.

वहिनी